पीसी चालू होत नाही? आधी बघा तो अडलाय कुठे

पीसी चालू झाला नाही की पहिला सल्ला ठरलेला, "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारून घे". अरे पण स्क्रीनच काळी आहे तर फॉरमॅट मारणार कशावर? बऱ्याचदा मशीन विंडोजपर्यंत पोचलेलंच नसतं, त्याच्या कितीतरी आधी अडकलेलं असतं. चालू होणं हा खो-खोचा प्रकार आहे, आधीच्याने खो दिल्याशिवाय पुढचा उठत नाही, त्यामुळे शेवटचा खो कुणी दिला एवढं सापडलं की अर्धं काम झालं.

सुरुवात एसएमपीएसपासून, म्हणजे घरची वीज पीसीला लागेल तशी करून देणाऱ्या डब्यापासून. आपण पीसी बंद करतो तेव्हाही तो पूर्ण बंद नसतो, प्लग चालू असेल तर ५ वोल्टची एक स्टँडबाय लाइन मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीला, मिळतच असते, म्हणून तर बटण दाबलेलं त्याला कळतं. बटण दाबलं की १२, ५ आणि ३.३ वोल्टच्या मुख्य लाइन सुरू होतात, आणि त्या स्थिर झाल्या की साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत एसएमपीएस 'पॉवर गुड' नावाचा सिग्नल देतो. तो येईपर्यंत प्रोसेसरला रिसेटमध्ये धरून ठेवलेलं असतं, म्हणजे काम सुरूच करू दिलेलं नसतं. पंखा जरासा फिरतो, थांबतो, परत फिरतो, असं होत असेल तर संशय आधी इथे घ्यायचा. आणि काहीच हललं नाही तर आधी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण, वायर, यूपीएस, एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच बघा, हसू नका, साफसफाई करताना तो स्विच दाबला जातो. एसएमपीएस मात्र घरी उघडायचा नाही, आत ३०० वोल्टच्या वर चार्ज असलेले कपॅसिटर असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ झटका देऊ शकतात.

रिसेट सुटला की इंटेलचा प्रोसेसर पहिली सूचना ठरलेल्या पत्त्यावरून वाचतो, ४ जीबीच्या हद्दीच्या १६ बाइट अलीकडे. एवढ्याशा जागेत मावतं काय तर फक्त 'तिकडे उडी मार', आणि ती उडी जाते मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपमधल्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन उठवणाऱ्या प्रोग्राममध्ये, आता युईएफआय म्हणतात त्याला. गंमत म्हणजे या क्षणी रॅम तयारच नसते! ती कुठल्या वेगाने चालवायची, सिग्नल किती मागेपुढे करायचे हे बायोस अजून ठरवतोय, तोवर तो प्रोसेसरच्या आतल्या कॅशवर, म्हणजे छोट्याशा मेमरीवर, भागवतो. म्हणूनच रॅममध्ये घोळ असेल तर स्क्रीनवर काही लिहून येत नाही, फार तर बीप वाजतात किंवा मदरबोर्डवर 'डीरॅम' लिहिलेला छोटा दिवा पेटून राहतो. बीपचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, बोर्डाचं मॅन्युअल बघितल्याशिवाय अंदाज मारू नका.

पंखे फिरतायत पण डिस्प्ले नाही, ही तक्रार आपल्याकडे पावसाळ्यात बरीच ऐकू येते. दमट हवा आणि धूळ मिळून रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो आणि कॉन्टॅक्ट नीट लागत नाही. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलासुरला चार्ज जाईल, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि मग रॅम काढून परत बसवा, दोन्हीकडून नीट दाबून. रिपेअरवाले खोडरबर घासतात, फरक पडतोही, पण सोन्याचा थर फार पातळ असतो म्हणून मी तरी आयसोप्रोपिल अल्कोहोलच वापरा म्हणेन. मग रॅमची एकच काडी लावून बघा, नाही झालं तर दुसरी. नवीन डीडीआर५ जातीची रॅम असलेलं मशीन असेल तर मात्र पहिल्यांदा काही मिनिटं काळी स्क्रीन राहू शकते, रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे तेच वेग आणि सिग्नल जुळवणं, चाललेलं असतं, घाबरून मध्येच बंद करू नका.

तारीख सारखी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल बदला, स्वस्तात मिळतो. सेल गेला की बायोसमधली सेटिंगही काही बोर्डांवर मूळपदावर जातात, मग डिस्कशी बोलायची पद्धत, म्हणजे डिस्कचा मोड, बदलतो आणि चांगलं असलेलं विंडोज निळी स्क्रीन दाखवतं, आणि लोक परत फॉरमॅट मारतात!

कंपनीचा लोगो दिसला म्हणजे रॅम-डिस्प्ले बहुतेक ठीक आहे, आता डिस्क आणि सॉफ्टवेअरकडे बघायचं. बायोसमध्ये जाऊन डिस्क दिसते का ते बघा. जुनी हार्डडिस्क टकटक करत असेल तर परत परत चालू करू नका, डेटा हवा असेल तर तिथेच थांबा.

डिस्क धडधाकट आणि तरीही विंडोज उठत नाही याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल आली, ते सॉफ्टवेअर विंडोजसोबत अगदी सुरुवातीलाच चालू होत असल्यामुळे मशीन उठायचं, निळं पडायचं, परत उठायचं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास. उपाय? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल उडवायची. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी गरजेचेच ड्रायव्हर (हार्डवेअर वगैरे चालवणारे छोटे प्रोग्राम) उचलतं, क्राउडस्ट्राइकचा नाही, म्हणून ते जमलं. फक्त बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असलेल्या मशीनवर आधी रिकव्हरी की मागितली जायची आणि ती शोधण्यातच खूप जणांचा वेळ गेला, तेव्हा तुमच्या लॅपटॉपची की कुठे ठेवलीय ते आजच बघून ठेवा.