बॉल पायथन : रंग-नक्षीचे भेद आणि त्यांची ओळख

बॉल पायथन (पायथॉन रेजिअस) या बिनविषारी आफ्रिकी अजगराच्या पाळीव पिढ्यांमध्ये दिसणारे रंगाचे व नक्षीचे आनुवंशिक भेद. पाळणारे अशा भेदाला ‘मॉर्फ’ म्हणतात. मॉर्फ ही वेगळी जात किंवा उपजात नव्हे. एकाच जातीच्या सापात एखादे जनुक बदलले की हा फरक उमटतो आणि पुढच्या पिढीत उतरतो.

जॉर्ज शॉ यांनी १८०२ मध्ये या सापाचे ‘बोआ रेजिया’ या नावाने वर्णन केले. रेजिया म्हणजे राजाचा, म्हणून ब्रिटनमध्ये तो ‘रॉयल पायथन’ ठरला. घाबरला की डोके मध्ये लपवून चेंडूसारखा गुंडाळून बसतो, त्यावरून अमेरिकेत ‘बॉल’ हे नाव रूढ झाले. क्लिओपात्रा हा साप कंकणासारखा मनगटात घालत असे, अशी कथा ‘राजाचा’ या नावामागे सांगतात. पण सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या गवताळ पट्ट्यातला हा प्राणी इजिप्तमध्ये आढळत नाही, त्यामुळे ती दंतकथाच मानणे बरे.

जनावराच्या अंगावरच्या डागांना नावे देण्याची रीत मराठवाड्याला नवी नाही. लातूर जिल्ह्यातील देवणी गोवंशात काळसर तोंडाचा वानेरा, पोटाकडे काळे ठिपके असलेला बालंक्या आणि अंगभर काळेपांढरे अनियमित डाग असलेला शेवरा, असे भेद शेतकरी लांबूनच ओळखतात. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडा अबलख आहे का, हे पाहिल्याबरोबर सांगणारे लोक भेटतात. बॉल पायथनमधील ‘पाईड’ हा मॉर्फ म्हणजे आपल्या भाषेत बांडाच : अंगाचा काही भाग नक्षीदार, तर मधले पट्टे पांढरेशुभ्र. पण गाईगुरांत डोळ्यांना जे दिसते त्यावर बरेच भागते, तसे या सापात भागत नाही.

ओळखीची सुरुवात नैसर्गिक रूपापासून करावी. काळपट तपकिरी अंगावर दोन्ही बाजूंना सोनेरी-तपकिरी डाग असतात आणि अनेक डागांत दोन काळे ठिपके डोळ्यांसारखे दिसतात. नाकपुडीपासून डोळ्यावरून मागे एक फिकट पट्टी जाते. पोट हस्तिदंती असते. हे रूप नजरेत बसले की बदल कुठे झाला ते कळते. पिवळा रंग खुलला, डागांच्या कडा फिकटल्या आणि डोळे हिरवट असले तर पेस्टल. पाठीच्या कण्यालगत बारीक रेघा धावत असतील तर पिनस्ट्राइप. डागात मधोमध एकच ठिपका आणि खालून वर चढणाऱ्या ज्वाळांसारख्या छटा असतील तर मोजावे. पाठीवर सलग गडद पट्टा, बाजूंची नक्षी विरळ आणि डोक्यावर वेगळी खूण असेल तर क्लाऊन. पोटाच्या कडेला चौकटीसारखे ठिपके दिसले तर येलो बेलीचा संशय घ्यावा. म्हणून साप उलटवून पोट पाहिल्याशिवाय नाव सांगू नये.

नाव ठरवण्याआधी कात टाकण्याचे चक्र पाहावे लागते. कात जवळ आली की डोळे निळसर धुरकट होतात आणि सगळे रंग मळकट दिसतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि हवा कोरडी ठाक असते. सापाला हवी असलेली साधारण ५५ ते ७० टक्के आर्द्रता पेटीत राखली नाही तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि चिकटलेल्या कातीखाली पेस्टलसुद्धा साधा दिसतो. कात पूर्ण निघाल्यावर, दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ पाहावे. पिवळ्या बल्बखाली सगळेच साप पेस्टल वाटतात. टाकलेली कात उजेडासमोर धरली तर तिच्यावर नक्षीची पुसट छाप उमटलेली दिसते, आणि ती पाठीच्या नक्षीशी ताडून पाहता येते.

रंग कशामुळे बदलतो, हे गेल्या काही वर्षांत बरेच उलगडले आहे. काळा-तपकिरी रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा, पिवळा वेगळ्या पेशींचा. अल्बिनोत मेलॅनिन बनत नाही, पण पिवळ्या पेशी शाबूत राहतात, म्हणून तो पांढरा-पिवळा दिसतो; अॅक्सँथिकमध्ये उलट, पिवळा जातो आणि साप करडा-काळा उरतो. पाळणाऱ्यांनी पाठवलेल्या काती जमवून केलेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात अल्बिनोचा संबंध मेलॅनिन बनवायला लागणाऱ्या टायरोसिनेज या विकराच्या जनुकाशी, तर लव्हेंडर अल्बिनोचा ओसीए२ या जनुकाशी जुळला. दोन्ही साप फिकटच, पण कारणे निराळी. त्यांची जोडी लावली तर पिल्ले साधी निघतात. अॅक्सँथिकच्याही अनेक वंशरेषा अशाच परस्परांशी न जुळणाऱ्या आहेत.

बंदिवासातील प्रजननातून अल्बिनो आनुवंशिक असल्याचे साधारण १९९२ च्या सुमारास सिद्ध झाल्याचे मानतात. पाईड व पेस्टल १९९७ च्या आसपास, स्पायडर १९९९ च्या सुमारास. ही वर्षे बहुतांशी व्यावसायिक पैदासकारांच्या नोंदींवर उभी आहेत, त्यामुळे एखाद्या वर्षाचा फरक गृहीत धरावा.

सर्वाधिक वाद ‘लेसर’ आणि ‘बटर’ या दोन नावांचा आहे. दोन्ही फिकट लोणकढ्या रंगाचे, दोन्हींचे जनुकस्थान (गुणसूत्रावरील जनुकाची जागा) एकच, आणि कोणाचीही आपसांत किंवा मोजावेशी जोडी लावली तर निळ्या डोळ्यांचे पांढरे पिल्लू निघू शकते. एका मताने बटर थोडा अधिक पिवळा असतो, म्हणून वेगळा. दुसऱ्या मताने मूळ साप वेगवेगळ्या आयातींतून आले आणि दोन पैदासकारांनी दोन नावे ठेवली, एवढाच फरक. पालकांची नावे झाकून पिल्लांचा घोळका समोर ठेवला तर वेगळे काढता येत नाहीत, हे पाहता दुसरे मत अधिक पटते. बॅनाना आणि कोरल ग्लो यांच्याबाबत तर हा वाद बहुतेक मिटलेला आहे. दोन्ही एकच समजतात. बॅनानाच्या अंगावर वयाबरोबर काळे ठिपके येतात, आणि त्याचा वारसा लिंगाशी बांधलेला असतो : काही नरांची बॅनाना पिल्ले जवळजवळ सगळी माद्या असतात, तर काहींची जवळजवळ सगळी नर. बोआ व पायथनमध्ये एक्स-वाय पद्धतीची (माणसासारखी) लिंग-गुणसूत्रे असल्याचे २०१७ मध्ये दाखवले गेल्यावर या वारशाच्या स्पष्टीकरणाला आधार मिळाला.

‘कोडॉमिनंट’ हा पेस्टल, मोजावे वगैरेंसाठी बाजारात रुळलेला शब्द आनुवंशिकीच्या दृष्टीने चुकीचा आहे. एक बदललेले जनुक मधले रूप आणि दोन बदललेली जनुके ‘सुपर’ रूप देत असतील तर ते अपूर्ण प्रभावी म्हणावे. अल्बिनो, पाईड, क्लाऊन हे अप्रभावी. एकच बदललेले जनुक असलेला साप, म्हणजे ‘हेट’, साधाच दिसतो. दोन हेटांच्या पिल्लांत सरासरी चारात एक पाईड निघते आणि उरलेल्या साध्या दिसणाऱ्यांपैकी प्रत्येक हेट असण्याची शक्यता ६६ टक्के. हेट पाईडच्या शेपटीकडे पोटावर समांतर काळ्या रेघा असतात असे म्हणतात, पण त्या साध्या सापातही दिसतात. त्या पाहून पैसे मोजू नयेत. आईबापांची नोंद हीच खरी ओळख.

स्पायडरच्या बाबतीत ओळखीला नैतिक बाजूही आहे. सोनेरी अंगावर जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेघा असणारा हा साप डोके डगमगवतो, कधी उलटा वळून घास चुकवतो. त्याच्या अंतर्कर्णात विकृती असल्याचे २०२२ मधील क्ष-किरण संगणकीय चित्रणाने दाखवले. दोन बदललेल्या जनुकांचा स्पायडर अंड्यातच मरतो की तो दिसण्यात वेगळा नसतो, यावर मतभेद आहेत. तसा जिवंत साप खात्रीने सिद्ध झालेला नसल्याने पहिले मत सबळ वाटते. पेस्टल व स्पायडर मिळून होणारा ‘बंबलबी’ दिसायला कितीही देखणा असला तरी तो डोलणारे डोके घेऊनच जन्मतो. डोलणे हे ओळखीचे लक्षण आहे, पाळणाऱ्याने ते हौस म्हणून पुढे नेऊ नये.

बॉल पायथन साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर असे परदेशी प्राणी चौथ्या अनुसूचीत आले, आणि २०२४ च्या नियमांनुसार ते बाळगणाऱ्याने केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करणे, जन्म, मृत्यू व हस्तांतर कळवणे बंधनकारक आहे. भारतीय अजगर (पायथॉन मोल्युरस) मात्र पहिल्या अनुसूचीत आहे. त्याचे पांढरे वा फिकट पिल्लू कोणी ‘मॉर्फ’ म्हणून दिले तरी ते घेणे गुन्हा ठरतो.

शेतात दिसणाऱ्या सापावर ही रीत लावून पाहू नये. जाड अंगाची, खरखरीत खवल्यांची, आखूड शेपटीची डुरक्या घोणस ही बिनविषारी. पण पाठीवर साखळीसारख्या तीन ओळींचे लांबट डाग असलेली घोणस अत्यंत विषारी आहे आणि घाईत या दोघी व अजगराचे पिल्लू यांची गल्लत होते. असा साप दिसला तर लांब राहून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.