फ्रान्समधील मोटारमुक्त कच्चे सायकलमार्ग

फ्रान्सच्या ग्रामीण भागातील, डांबर नसलेल्या आणि मोटारवाहनांना बंदी असलेल्या किंवा प्रत्यक्षात मोटारी क्वचितच फिरकणाऱ्या वाटांचे जाळे. बंद पडलेले लोहमार्ग, कालव्यांच्या काठावरील नावा ओढण्याच्या वाटा, जंगलातले रस्ते आणि शेतांमधून जाणाऱ्या गावकीच्या वाटा मिळून ते बनले आहे. शर्यतीच्या सायकलीचे अरुंद टायर इथे टिकत नाहीत आणि माउंटन बाइकची गरजही पडत नाही. सुमारे ३५ ते ५० मिमी. रुंद टायर, खाली वळलेले हँडल आणि डिस्क ब्रेक असलेली ग्रॅव्हल सायकल या वाटांना नेमकी मानवते. या वाटांपैकी जवळजवळ एकही मुळात सायकलींसाठी बांधलेली नाही. कोणाची गाडी, कोणाचा व्यापार, कोणाची युद्धनीती मागे पडली, तेव्हा ती मोकळी झाली.

सर्वांत सुखाच्या वाटा रेल्वेने मागे ठेवल्या. शार्ल द फ्रेसिने हा सार्वजनिक बांधकाम मंत्री असताना, देशातील प्रत्येक उपजिल्ह्याचे ठिकाण रेल्वेने जोडण्याचा आराखडा पुढे आला आणि १८७९ च्या कायद्याने साडेआठ हजार किमी.हून अधिक नव्या लोहमार्गांना मंजुरी मिळाली. त्यात जिल्ह्यांनी काढलेल्या अरुंद रुळांच्या गाड्यांची भर पडली. बस आणि ट्रक आले तसे हे मार्ग तोट्यात गेले. १९३८ मध्ये सर्व मोठ्या रेल्वे कंपन्या एकत्र करून राष्ट्रीय रेल्वे स्थापन झाली, तेव्हापासून प्रवासी गाड्या बंद होण्याचा वेग वाढला. रूळ उचलले गेले, पण भराव, खोदून काढलेल्या खिंडी, बोगदे आणि दगडी पूल राहिले. वाफेच्या इंजिनाला मोठा चढ झेपत नसे. म्हणून डोंगरी मुलखातही या वाटांचा चढ साधारण तीन टक्क्यांच्या आत राहतो आणि वळणे ऐसपैस असतात.

याचा उत्तम नमुना म्हणजे आर्देश जिल्ह्यातील ‘दोल्चे व्हिआ’. ऱ्होन नदीकाठच्या ला व्हूल्त गावापासून एरिय नदीच्या खोऱ्यातून ही वाट वर चढते. ल शेलार येथे तिचे दोन फाटे होतात : एक लामास्त्रला जातो, दुसरा हजार मीटरहून अधिक उंचीवरच्या सँताग्रेव्हला. एकूण लांबी सुमारे ९० किमी. इथली एक मीटर रुंदीची रेल्वे १९६८ मध्ये बंद झाली. तूर्नों ते लामास्त्र या तुकड्यावर मात्र पर्यटकांसाठी आजही वाफेची गाडी धावते, त्यामुळे सायकलस्वाराला आपण कशाच्या जागेवरून आलो हे लामास्त्रच्या स्थानकात प्रत्यक्ष पाहता येते. वाटेचा पृष्ठभाग बहुतांशी दाबून बसवलेल्या बारीक खडीचा आहे. चढ सतत आहे पण कुठेही अंगावर येत नाही. दक्षिणेकडे ओ-लांगदोकमध्ये बेदारिय ते माझामे ही ‘पासा पाईस’ नावाची वाट अशाच जुन्या लोहमार्गावर आहे. बोगदे आणि पूल ओलांडत ती भूमध्य समुद्र आणि अटलांटिक महासागर यांच्यामधील पाणलोटाची रेषा पार करते. एकाच दिवसात ऑलिव्हचा मुलूख मागे पडून ओलसर, हिरव्या डोंगरात शिरण्याचा हा अनुभव डांबरी रस्त्याने गेल्यास इतका सलग मिळत नाही.

कालव्यांच्या वाटा याहून जुन्या. घोडे, बैल किंवा माणसे दोराने नावा ओढत, त्यासाठी पाण्याला लागून सपाट वाट राखलेली असे. फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रिटनी प्रांतातला नांत–ब्रेस्त कालवा हा त्यांतला सर्वांत लांब पल्ल्याचा. इंग्रज आरमाराच्या नाकेबंदीमुळे किनाऱ्याने माल नेणे धोक्याचे झाले, म्हणून नेपोलियनच्या काळात, १८११ मध्ये काम सुरू झाले. संपूर्ण ३६४ किमी.चा कालवा खुला होईपर्यंत १८४२ उजाडले होते आणि नाकेबंदी केव्हाच इतिहासजमा झाली होती. पुढे गेर्लेदाँच्या धरणाने (१९३०) सतरा जलपाश (नावा एका पाणीपातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारी दरवाजांची कुंडे) पाण्याखाली घातले आणि कालवा मधेच तुटला. सायकलस्वाराला तिथे कालवा सोडून जलाशयाला वळसा घालावा लागतो. बाकी ठिकाणी दाबलेल्या मुरुमासारख्या वाटेने रदों, जोस्लँ, पाँतिव्ही अशी गावे मागे टाकत जाता येते. जोस्लँला वाट थेट किल्ल्याच्या भिंतीखालून जाते. जलपाश सांभाळणाऱ्यांची छोटी घरे ठराविक अंतराने भेटतात. काहींत आता कॉफी आणि खानपानाची सोय आहे.

कॅनाल द्यू मिदी अधिक प्रसिद्ध आहे, पण सायकलीच्या दृष्टीने त्याची कीर्ती थोडी फसवी. पिएर-पॉल रिके याच्या पुढाकाराने १६६६ ते १६८१ दरम्यान खोदलेला हा २४० किमी.चा कालवा १९९६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. तूलूझपासून पहिले सुमारे ५० किमी. गुळगुळीत डांबर आहे. त्यानंतर वाट कच्ची होते आणि चिनारांची मुळे वर आल्याने मनगटे दुखू लागतात. ही चिनारांची दुतर्फा रांग आता विरळ होत आहे. २००६ मध्ये इथे एका बुरशीजन्य रोगाचा शोध लागला. बाधित झाडे तोडून जाळणे एवढाच उपाय हाती असल्याने मूळच्या सुमारे ४२ हजार झाडांपैकी हजारो गेली. नवी रोपे इतर जातींची लावली जात आहेत. तोवर उन्हाळ्यात काही टप्प्यांवर सावलीच नाही, हे जुनी छायाचित्रे पाहून बेत आखणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

कायद्यात यांपैकी काही वाटांना ‘व्वा व्हेर्त’ म्हणजे हरितमार्ग असा दर्जा आहे. १६ सप्टेंबर २००४ च्या अध्यादेशाने तो वाहतूक संहितेत आला : बिनमोटारी वाहने, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखलेला मार्ग. अशा मार्गावर चौकोनी निळी पाटी असते. पहिला आधुनिक हरितमार्ग मात्र त्याआधीच, १९९७ मध्ये, बर्गंडीत जिव्री ते क्ल्यूनी या ४४ किमी.च्या जुन्या लोहमार्गावर खुला झाला होता. पुढे तो माकोंच्या दिशेने वाढला आणि त्यात ब्वा क्लेरचा १,६०० मी. लांबीचा बोगदा आला. हिवाळ्यात हा बोगदा वटवाघळांसाठी बंद ठेवतात. त्या काळात सायकलस्वारांना वरच्या खिंडीने जावे लागते.

जिव्री–क्ल्यूनी मार्ग डांबरी आहे, आणि इथेच एक न मिटलेला वाद आहे. चाकाची खुर्ची वापरणारे, स्केटिंग करणारे आणि लहान मुलांना घेऊन निघालेली कुटुंबे यांना डांबर हवे असते. डांबर कमी देखभालीत टिकते म्हणून स्थानिक प्रशासनालाही ते सोयीचे वाटते. उलट दाबलेली खडी स्वस्तात होते, पाणी जमिनीत मुरू देते आणि जुन्या वाटेचे रूप फारसे बदलत नाही. पण जोराच्या पावसात तिला चर पडतात. ग्रॅव्हलवाले अर्थातच दुसऱ्या बाजूला आहेत. तरी चाकाच्या खुर्चीचा मुद्दा त्यांच्या आवडीनिवडीपेक्षा वजनदार आहे, हे मान्य करावे लागते.

तिसरा प्रकार सर्वांत विस्तृत आणि सर्वांत नाजूक : आपल्याकडच्या पाणंदींसारख्या गावकीच्या वाटा. या वाटा गावाच्या मालकीच्या असतात, पण सार्वजनिक रस्त्यासारखे पूर्ण संरक्षण त्यांना नाही. वापरात नसलेली वाट सार्वजनिक चौकशी करून विकता येते; शेजारच्या शेतकऱ्याने ती नांगरून तीस वर्षे निर्वेध कसली, तर मालकीवर दावाही सांगता येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतजमिनींचे एकत्रीकरण झाले, त्यात बांध आणि झुडपांच्या कुंपणांबरोबर अशा कित्येक वाटा पुसल्या गेल्या. २०२२ च्या कायद्याने गावांना आपल्या वाटांची मोजदाद करण्यास प्रोत्साहन दिले आणि ती चालू असताना तीस वर्षांची मुदत थांबवण्याची सोय केली. ३ जानेवारी १९९१ च्या कायद्याने मोटारवाहनांना उघड्या निसर्गात मोकाट फिरण्यास मनाई आहे, परंतु गावकीच्या वाटा त्यांना सरसकट बंद नाहीत. महापौराने तसा आदेश काढावा लागतो. म्हणजे इथली शांतता कायद्यापेक्षा सवयीवर उभी आहे. ट्रॅक्टर येतोच, आणि त्याला वाट द्यायची असते.

अशा रस्त्यांवर सायकल चालवणे फ्रान्सला नवे नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी गावाकडे डांबर दुर्मीळच होते. सँतेत्येनचे पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) यांनी शर्यतीपेक्षा भटकंतीच्या सायकलीचा आणि बदलत्या गिअरचा पुरस्कार केला. फ्रेंच भटक्यांच्या सायकलींवर रूढ झालेले ६५०बी हे चाकाचे माप आज ग्रॅव्हल सायकलींवर पुन्हा दिसते. ब्रिटनीत तर १९८४ पासून ‘त्रो-ब्रो लेओं’ ही शर्यत शेतांमधल्या कच्च्या वाटांवरून होते. ब्रेतों भाषेतून शिकवणाऱ्या शाळांना मदत म्हणून ती सुरू झाली आणि सर्वांत पुढे आलेल्या ब्रेतों खेळाडूला डुकराचे पिल्लू बक्षीस मिळते. ‘पारी–तूर’ या जुन्या शर्यतीतही २०१८ पासून द्राक्षमळ्यांमधल्या मातीच्या वाटा घेतल्या आहेत.

जमिनीप्रमाणे टायर निवडावा लागतो. ब्रिटनी आणि मोर्व्हाँ येथे ग्रॅनाइटची खडी पावसातही धरून राहते. तूलूझजवळच्या लोरागे भागातली चिकणमाती भिजली की चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये बसते. लांदच्या पाइन जंगलात आगीशी लढण्यासाठी काढलेल्या वाटा वाळूच्या असून तिथे ५० मिमी.चा टायरही रुततो. हरितमार्ग गावरस्ता ओलांडतो तिथे बहुधा सायकलस्वारानेच थांबायचे असते आणि मोटारी अडवण्यासाठी लावलेल्या अडसरांतून सामान लादलेली सायकल काढताना कसरत होते. छोट्या गावांत दुपारी आणि सोमवारी पाव मिळेलच असे नाही. पाण्यासाठी सायकलस्वार दफनभूमीच्या नळाकडे जातात, कारण जवळपास प्रत्येक गावात तो असतो. ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी असेल तर मात्र टाळावे. सप्टेंबर ते फेब्रुवारी हा शिकारीचा हंगाम. जंगलाच्या तोंडाशी शिकार चालू असल्याचा फलक दिसला, तर भडक रंगाचे जाकीट घालून पुढे जाण्यापेक्षा दुसरी वाट धरणे शहाणपणाचे.