इंग्रजी अप्रत्यक्ष कथनातील कालबदल

एखाद्याचे बोलणे अवतरणचिन्हांत जसेच्या तसे न देता आपल्या वाक्यात गुंफून सांगताना इंग्रजीत त्या बोलण्यातील क्रियापदाचा काळ बहुधा एक पायरी मागे सरकतो. या सरकण्याला इंग्रजी व्याकरणात ‘बॅकशिफ्ट’ म्हणतात. लॅटिन व्याकरणाच्या परंपरेतून आलेले ‘सीक्वेन्स ऑफ टेन्सेस’ हे नाव याहून जुने आणि व्यापक आहे. महाराष्ट्रातील शाळांत हाच विषय ‘डायरेक्टचे इनडायरेक्ट करा’ या प्रश्नाने ओळखला जातो. रवी म्हणतो, ‘आय ॲम टायर्ड’. हेच दुसऱ्या कोणी सांगितले, की वाक्य होते ‘रवी सेड दॅट ही वॉज टायर्ड’. ‘आय’चा ‘ही’ झाला तो बोलणारा बदलला म्हणून, आणि ते कोणत्याही भाषेच्या माणसाला पटण्यासारखे आहे. ‘ॲम’चा ‘वॉज’ का झाला, हा मात्र मराठी माणसाला खरोखर पडणारा प्रश्न आहे, कारण मराठीत असे काही होत नाही.

या बदलाची किल्ली मुख्य वाक्यातल्या क्रियापदाच्या हाती असते. ‘सेड’, ‘टोल्ड’, ‘थॉट’, ‘न्यू’ असे भूतकाळी क्रियापद आले, की ते आपल्यामागच्या गौण वाक्याला भूतकाळात ओढते. ‘रवी सेज’, ‘रवी हॅज सेड’ किंवा ‘रवी विल से’ असेल तर ओढ लागत नाही आणि ‘ही इज टायर्ड’ तसेच राहते. हा नियम फक्त बोलण्यापुरता नाही. ‘आय न्यू ही वॉज लाइंग’, म्हणजे ‘तो खोटे बोलतोय हे मला माहीत होते’, या वाक्यात कोणी काही बोललेलेच नाही, तरी ‘वॉज’ आलाच. विचार, समजूत, भीती, आशा या सगळ्यांच्या मागे हाच नियम चालतो.

शालेय पुस्तकांत यासाठी दहाबारा ओळींचा तक्ता असतो : साध्या वर्तमानाचा साधा भूत, चालू वर्तमानाचा चालू भूत, पूर्ण वर्तमानाचा पूर्ण भूत, भविष्याचे ‘वुड’ आणि असेच पुढे. मुले तो पाढ्यासारखा पाठ करतात. खरे तर तक्त्याच्या बहुतेक ओळी मिळून एकच नियम होतो : क्रियापदांच्या साखळीतला पहिला शब्द तेवढा भूतरूप घेतो, बाकीची साखळी जागची हलत नाही. ‘इज गोइंग’चे ‘वॉज गोइंग’, ‘हॅज गॉन’चे ‘हॅड गॉन’, ‘विल हॅव गॉन’चे ‘वुड हॅव गॉन’. ‘गोइंग’ किंवा ‘गॉन’ला कोणी हात लावत नाही. वेगळी ओळ लागते ती भूतकाळासाठीच. तो आधीच भूतकाळात असल्याने आणखी मागे जायला त्याच्याजवळ स्वतःचे रूप नसते, म्हणून ‘हॅव’ची मदत घेऊन ‘सॉ’चे ‘हॅड सीन’ केले जाते. तेही सक्तीचे नाही. घटनांचा क्रम उघड असेल तर ‘शी सेड शी सॉ हिम यस्टर्डे’ असे लोक सर्रास बोलतात, लिहितातही. ‘हॅड सीन’ला मात्र पुढे पायरीच उरत नाही, ते आहे तसेच राहते.

‘विल’चे ‘वुड’ होते ते याच हिशेबाने. इंग्रजीत भविष्यकाळाचा स्वतंत्र प्रत्यय नाही. ‘विल’ हे मुळात इच्छादर्शक क्रियापदाचे वर्तमानरूप आणि ‘वुड’ हे त्याचेच जुने भूतरूप. ‘कॅन’–‘कुड’, ‘मे’–‘माइट’, ‘शॅल’–‘शुड’ या जोड्याही अशाच जन्मल्या. आज ‘कुड’ आणि ‘वुड’ विनंतीत, सभ्यतेत, कल्पनेत वावरतात आणि त्यांचा भूतकाळ सहज दिसत नाही. अप्रत्यक्ष कथनात मात्र त्यांचे मूळचे नाते अजून जिवंत आहे. ‘मस्ट’ची गोष्ट मजेदार आहे. तो शब्द स्वतःच जुन्या इंग्रजीतल्या एका क्रियापदाचे भूतरूप आहे. पुढे मूळ वर्तमानरूप गळून पडले आणि भूतरूपच वर्तमानाचे काम करू लागले. त्यामुळे मागे सरकायला त्याला जागाच नाही. सक्ती सांगायची असेल तर एक तर ‘मस्ट’च ठेवतात, नाही तर ‘हॅड टू’ वापरतात. ‘तो घरीच असला पाहिजे’ असा अंदाज असेल तर ‘मस्ट’च राहतो. ‘ऑट टू’, ‘हॅड बेटर’, ‘यूज्ड टू’ यांनाही हात लावायचा नसतो.

आता या ‘वॉज’चा अर्थ काय, हे पाहू. मुंबईतल्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेचे इंग्रजी इतिवृत्त घ्या. त्यात ओळ असते : ‘द सेक्रेटरी सेड दॅट द लिफ्ट वॉज आउट ऑफ ऑर्डर’. सेक्रेटरी सभेत काय बोलले असतील? ‘लिफ्ट बंद आहे’ असे, किंवा ‘लिफ्ट बंद होती’ असे. इंग्रजी वाक्याला दोन्ही अर्थ चालतात. पहिल्या अर्थाचा ‘वॉज’ काळ दाखवतच नाही. तो फक्त ‘सेड’शी जुळवून घेतो, जसे मराठीत ‘मोठी’ हे विशेषण ‘पिशवी’शी लिंगाने जुळवून घेते. ‘पिशवी मोठी’ म्हटल्याने पिशवी कोणी बाई होत नाही, आणि ‘सेड दॅट इट वॉज’ म्हटल्याने लिफ्ट भूतकाळात जात नाही. दुसऱ्या अर्थाचा ‘वॉज’ खराच भूतकाळी असतो. काटेकोर लिहिणारा अशा वेळी ‘हॅड बीन आउट ऑफ ऑर्डर’ लिहून शंका मिटवतो. हा दुहेरीपणा मुख्यतः ‘असणे’, ‘आवडणे’, ‘राहणे’ अशा स्थिती सांगणाऱ्या क्रियापदांत जाणवतो. ‘ही सेड दॅट शी बॉट अ कार’ यात गाडी बोलण्याच्या आधीच घेतलेली असते, तिथे दुसरा अर्थ निघत नाही.

मराठीत गौण वाक्याचा काळ मूळ बोलणाऱ्याच्या घड्याळावर चालतो. ‘रवी म्हणाला, की मी दमलोय’, ‘मी दमलोय असं रवी म्हणाला’, ‘येतो म्हणाला’, ‘उद्या येणार म्हणून सांगितलं होतं’ : सगळीकडे रवीच्या तोंडचा काळ जसाच्या तसा. बोलण्याच्या मागे ‘असे’ किंवा ‘म्हणून’ जोडण्याची ही रीत संस्कृतातल्या ‘इति’ची आणि कन्नडमधल्या ‘एंदु’ची आठवण करून देते. ‘तो आजारी आहे म्हणे’ यातला ‘म्हणे’ तर ऐकीव माहितीचा ठसा तेवढा उमटवतो आणि काळाला मुळीच हात लावत नाही. मराठीत पुष्कळदा ‘मी’सुद्धा ‘मी’च राहतो. म्हणूनच मराठी मुलगा इंग्रजीत ‘रवी सेड दॅट आय विल कम टुमॉरो’ असे लिहून बसतो. इंग्रजी वाचकाला त्याचा अर्थ ‘मी येईन असे रवी म्हणाला’ असा लागतो, आणि तिथला ‘मी’ म्हणजे वाक्य लिहिणारा. उद्या रवीची वाट पाहायची सोडून लोक लिहिणाऱ्याचीच वाट पाहतील.

उलटी चूक याहून महाग पडते आणि ती मराठी वृत्तपत्रांत नेहमी दिसते. वृत्तसंस्थेकडून इंग्रजी वाक्य येते : ‘द मिनिस्टर सेड दॅट द डॅम वॉज सेफ’. घाईत भाषांतर होते, ‘धरण सुरक्षित होते, असे मंत्र्यांनी सांगितले’. मराठी वाचक ‘होते’ला खरा भूतकाळ मानतो आणि मनात म्हणतो, म्हणजे आता नाही की काय? इंग्रजी ‘वॉज’ इथे केवळ जुळणीचा आहे, मराठीत ‘आहे’च हवे. भाषांतराच्या टेबलावर बसणाऱ्याने ‘सेड’च्या मागचा प्रत्येक ‘वॉज’ आधी संशयाने पाहावा. कालबदलाच्या तक्त्यापेक्षा ही सवय जास्त उपयोगी पडते.

काळ मागे न्यायचा की नाही, हे नेहमी नियमच ठरवतो असे नाही. पुष्कळदा ते सांगणाऱ्याच्या हाती असते. सार्वकालिक सत्य असेल तर वर्तमानकाळच ठेवावा, असे शाळेत सांगतात. हे अर्धेच खरे आहे. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये निघाला. त्याच्याबद्दल ‘कोपर्निकस आर्ग्यूड दॅट द अर्थ मूव्ह्ज राउंड द सन’ असेही लिहितात आणि ‘मूव्ह्ड’ही लिहितात. दोन्ही शुद्ध. पण दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीबद्दल ‘टॉलेमी टॉट दॅट द सन मूव्ह्ज राउंड द अर्थ’ असे लिहिले, तर इंग्रजी वाचक चमकतो, कारण सूर्य पृथ्वीभोवती फिरतो असे लिहिणाराही मानतो की काय, असे त्याला वाटते. वर्तमानकाळ ठेवण्याने सांगणारा त्या विधानाशी थोडा बांधला जातो, भूतकाळ घेतल्याने तो हात मोकळे ठेवतो.

भाषाशास्त्रज्ञ या गुणाला ‘डबल ॲक्सेस’ म्हणतात. ‘जॉन सेड दॅट मेरी इज प्रेग्नंट’ हे त्याचे नेहमीचे उदाहरण. हे वाक्य योग्य ठरण्यासाठी गरोदरपण जॉन बोलला तेव्हा आणि आपण सांगतो आहोत तेव्हा, अशा दोन्ही वेळांना लागू असावे लागते. जॉन दोन वर्षांपूर्वी बोलला असेल तर वाक्य विचित्र वाटते. १९८०च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ म्युर्वेत एन्च यांनी या प्रश्नाची मांडणी केली आणि तेव्हापासून अर्थविज्ञानात त्यावर वाद चालू आहे. भाषाशास्त्रज्ञ बर्नार्ड कॉमरी यांनी १९८५ मध्ये काळावरच्या पुस्तकात असे दाखवले, की रशियनमध्ये अप्रत्यक्ष कथनातला काळ मूळ बोलणाऱ्याच्या दृष्टीनेच राहतो. म्हणजे या बाबतीत मराठीचे जवळचे नाते लंडनपेक्षा मॉस्कोशी आहे.

कल्पित गोष्टी सांगणारा भूतकाळ मागे सरकत नाही. ‘इफ आय हॅड विंग्ज, आय वुड फ्लाय’ मधला ‘हॅड’ मुळात भूतकाळ नव्हेच, ते ‘पंख असते तर’ यातले ‘असते’ आहे. ‘इट्स टाइम वी लेफ्ट’ यातला ‘लेफ्ट’ही तसाच. आज्ञा आणि विनंतीत प्रश्नच उरत नाही, कारण ‘टोल्ड हिम टू गो’ यात काळ दाखवणारे रूपच नसते. प्रश्नार्थक वाक्यांत काळ इतरांसारखाच सरकतो. फक्त शब्दक्रम विधानाचा होतो आणि होय-नाहीच्या प्रश्नाला ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ लागते.

काळाबरोबर ‘टुडे’चे ‘दॅट डे’, ‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’, ‘हिअर’चे ‘देअर’ करावे, असेही तक्त्यात असते. हा व्याकरणाचा नियम नव्हे. सांगणारा कुठे आणि केव्हा उभा आहे, त्यावर ते ठरते. सकाळी ऐकलेले त्याच दिवशी दुपारी, त्याच खोलीत सांगत असाल तर ‘टुडे’ आणि ‘हिअर’ तसेच ठेवायला हवेत, बदलले तर उलट चूक होते. परीक्षेत मात्र सांगणारा कुठेच उभा नसतो. त्यामुळे तिथे तक्ताच चालतो, आणि गुणही त्यालाच मिळतात.

जुन्या इंग्रजीत दुसऱ्याचे म्हणणे सांगताना बहुधा संकेतार्थी, म्हणजे अट, कल्पना किंवा शक्यता सुचवणारी, रूपे येत. जर्मनमध्ये ती अजून आहेत. बातमीतले जर्मन क्रियापद नुसत्या रूपानेच ‘हे माझे नाही, त्याचे म्हणणे’ असे सांगते. इंग्रजीतले प्रत्यय झिजत गेले आणि हे काम काळाच्या रूपांवर येऊन पडले. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९२४ मध्ये ‘बॅकशिफ्टिंग’ हा शब्द वापरून त्याचे बारकाईने वर्णन केले. ब्रिटिश संसदेचे वृत्तांत एकोणिसाव्या शतकात पुष्कळदा असेच, तृतीयपुरुषी आणि भूतकाळी छापले जात. १९०९ मध्ये संसदेने ते काम आपल्या हाती घेतले आणि सभासदांची भाषणे त्यांच्याच ‘आय’सह येऊ लागली. इतिवृत्तांत मात्र जुनी रीत टिकून आहे. बोलण्यातली आजची तरुण पिढी तर ‘ही वॉज लाइक’ म्हणून पुढे मूळ बोलणे जसेच्या तसे ठेवते आणि सरकवण्याच्या भानगडीतच पडत नाही.

कादंबरीने या बदलाचा एक वेगळाच उपयोग केला. ‘ही सेड’ गाळून टाकायचे, काळ मात्र मागे सरकलेलाच ठेवायचा, आणि ‘हिअर’, ‘नाउ’, ‘टुमॉरो’ हे शब्द पात्राच्या जागेवरूनच बोलायचे. जेन ऑस्टेनच्या लेखनात ही रीत ठळकपणे दिसते. तिला ‘फ्री इनडायरेक्ट’ कथन म्हणतात. ‘टुमॉरो वॉज मंडे’ हे वाक्य व्याकरणाच्या वहीत वेडगळ दिसते, पण कादंबरीत वाचक त्यावर अडखळतही नाही : ‘वॉज’ निवेदकाचा, ‘टुमॉरो’ पात्राचे. मराठीत ‘उद्या सोमवार होता’ असे लिहिणारे लेखक आहेत आणि ते खपूनही जाते. पण जाणता अनुवादक बहुधा क्रियापदच गाळतो आणि लिहितो, ‘उद्या सोमवार.’