फ्रीलान्सर खर्चाचा अंदाज (खानदेशातील व्यवसाय)

पगारी माणूस न नेमता बाहेरच्या स्वतंत्र व्यावसायिकाकडून ठरावीक काम करून घ्यायचे असेल, तर त्यावर किती पैसा लावायचा याचा आधी मांडलेला हिशोब म्हणजे फ्रीलान्सर खर्चाचा अंदाज. पाकिटाचे डिझाइन, मालाचे फोटो, वेबसाइट, साठ्याचा हिशोब ठेवणारे सॉफ्टवेअर, जाहिरातीचा व्हिडिओ ही अशी कामे. जळगावच्या डाळमिला, चटई कारखाने व सराफी पेढ्या, रावेर-यावलचे केळी व्यावसायिक, नंदुरबारचे मिरची व्यापारी यांना ती लागतात, पण बारमाही नव्हे.

कामाची ही विभागणी खानदेशाला नवी नाही. आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) वर्षभरासाठी सालदार ठेवायचा, निंदणीला रोजाने माणसे लावायची आणि दादरची (रब्बी ज्वारीची) कापणी उक्ती, म्हणजे सगळ्या कामाची एकच रक्कम ठरवून, द्यायची, हे शेतात चालतच आले आहे. फ्रीलान्सरचे काम बहुतेक वेळा उक्ते असते. उक्त्याचा भाव ठरवण्याआधी शेत किती बिघे, हे दोघांनाही ठाऊक असते. इथे मात्र ‘एक चांगली वेबसाइट करून द्या’ एवढ्यावर दर विचारला जातो, आणि बहुतेक तंटे तिथेच सुरू होतात. पाने किती, मजकूर कोण देणार, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, हे कागदावर उतरवण्यात गेलेला दिवस सगळ्या अंदाजात सर्वांत मोलाचा.

दराबाबत सर्रास होणारी चूक म्हणजे पगाराशी तुलना. महिना २५ हजार पगार आणि २०० तास काम, म्हणजे तासाला १२५ रुपये. मग ४० तासांच्या डिझाइनचे ५ हजार पुरेत, असा हिशोब मालक करतो. पण फ्रीलान्सरच्या २०० तासांतले निम्मे गिऱ्हाईक शोधण्यात, बोलणी करण्यात आणि वसुलीत जातात. त्याला ४० हजार मिळकत हवी असेल आणि संगणक, सॉफ्टवेअर, इंटरनेट यांवर १० हजार जात असतील, तर उरलेल्या १०० तासांतून ५० हजार निघाले पाहिजेत. दर तासाला ५०० रुपये आणि त्याच कामाचे २० हजार होतात. हा आकडा वाजवी आहे. ५ हजारांत काम घेणारा ते अर्धवट टाकण्याचीच शक्यता जास्त.

परवडते का, हे मात्र मालकाच्या नफ्यावरून ठरते. उदाहरणादाखल, फैजपूरचा एक वेफर्सवाला महिन्याला ८ हजार पाकिटे विकतो आणि पाकिटामागे १२ रुपये सुटतात, असे धरू. डिझाइन २० हजार, फोटो १० हजार आणि वाढीव दुरुस्त्यांसाठी राखीव ६ हजार, असे ३६ हजार झाले. ते भरून यायला ३ हजार जादा पाकिटे खपली पाहिजेत. विक्री ५ टक्क्यांनी वाढली तर महिन्याला ४०० पाकिटे, म्हणजे साडेसात महिने. पाकीट दोन-तीन वर्षे चालणार असेल तर खर्च योग्य. येत्या हंगामात मालच बदलणार असेल तर नाही.

हक्कांचा खर्च बहुधा कोणी धरतच नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा हक्क, वेगळा करार नसल्यास, काढून घेणाऱ्याकडे जातो. बाहेरून लिहून घेतलेला मजकूर व सॉफ्टवेअर यांचा हक्क मात्र पैसे दिल्यावरही लिहिणाऱ्याकडेच राहतो. तो लेखी हस्तांतरित करून घ्यावा लागतो. त्या लेखात मुदत नसेल तर ५ वर्षे आणि प्रदेश नसेल तर भारतापुरताच, असे धरले जाते. आखाती देशांत केळी पाठवणाऱ्या निर्यातदाराला प्रदेशाची ओळ राहून गेली तर ते महागात पडू शकते.

जीएसटी फ्रीलान्सर नोंदणीकृत असेल तरच लागतो. नियमित करदात्या व्यापाऱ्याला त्याची वजावट स्वतःच्या जीएसटीतून मिळते, कंपोझिशन योजनेतल्याला (उलाढालीवर ठोक दराने कर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला) मिळत नाही. त्याने ती रक्कम खर्चातच धरावी. टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर) हा वरचा खर्च नव्हे, तो ठरलेल्या शुल्कातूनच कापला जातो.

स्थानिक की पुण्या-मुंबईचा, हे कामावर सोडावे. अहिराणीतली जाहिरात धुळ्याचा किंवा अमळनेरचा पोरगा जशी लिहील, तशी बाहेरच्याला जमत नाही, आणि तिथे चार पैसे जास्त मोजणे रास्त आहे. सराफांची कामे दसरा-दिवाळीच्या तोंडावर एकदम निघतात. तेव्हा चांगला माणूस मोकळा नसतो आणि घाईचा दर वेगळा लागतो.

पैसे बयाणा, कच्चे काम आणि अंतिम काम अशा टप्प्यांनी द्यावेत. ‘हंगाम झाल्यावर देऊ’ ही बाजारातली रीत इथे चालवता येत नाही. फ्रीलान्सरची सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विकास कायद्यानुसार लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत रक्कम द्यावी लागते. मुदत टळली तर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते.