मेंदूच्या कॅन्सरमध्ये डॉक्टर ‘तुम्ही ठरवा’ का म्हणतात, त्यामागची पार्श्वभूमी

बायोप्सीचा रिपोर्ट येतो, डॉक्टर सर्जरी, रेडिएशन, केमो असं सगळं सांगतात आणि शेवटी म्हणतात, घरी बोलून काय ते ठरवा. बऱ्याच जणांना याचाच राग येतो, की अहो आम्ही काय ठरवणार, डॉक्टर तुम्ही आहात ना! राग साहजिकच आहे, पण ही वेळ यायलाच शंभर वर्षं गेलीत.

सुरुवातीला प्रश्न एवढाच होता की गाठ नेमकी आहे कुठे. १८८४ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनला रिकमन गॉडली या सर्जनने एका तरुण पेशंटच्या मेंदूतली ग्लायोमाची (मेंदूतल्याच आधार देणाऱ्या पेशींपासून होणारी) गाठ काढली, तेव्हा एक्स-रेचाही शोध लागला नव्हता, तो लागला १८९५ ला. कुठल्या बाजूचा हात लुळा पडतोय, झटके कुठून सुरू होतात एवढ्यावरून ह्यूज बेनेट या डॉक्टरांनी जागा सांगितली आणि गाठ खरंच तिथे निघाली. पेशंट मात्र महिन्याभरात इन्फेक्शनने गेला. पुढे हार्वे कुशिंग या अमेरिकन सर्जनने रक्तस्राव थांबवायला चांदीच्या क्लिपा आणल्या, १९२६ पासून विजेवर चालणारं कॉटरी (रक्तवाहिन्या जाळून बंद करणारं साधन) वापरलं आणि ऑपरेशन टेबलवरच पेशंट जाण्याचं प्रमाण खूप खाली आणलं.

मग साहजिकच वाटलं की जितकं जास्त काढू तितकं बरं. वॉल्टर डँडी या सर्जनने तर १९२० च्या दशकात काही पेशंटच्या मेंदूचा उजवा अर्धा भागच काढून टाकला, आणि तरी गाठ परत आली. ग्लायोमाच्या पेशी स्कॅनवर दिसणाऱ्या कडेच्या खूप पुढे शिरलेल्या असतात, हे तिथे सगळ्यात क्रूरपणे कळलं. आज सर्जन ‘सगळी काढली’ म्हणतात तेव्हा ती दिसणारी सगळी असते, म्हणून नंतर रेडिएशन लागतं. सर्जरीचा उपयोग नाही असा याचा अर्थ नाही हं. जेवढी सुरक्षितपणे निघते तेवढी काढणं आजही पहिली पायरी आहे, भर फक्त ‘सुरक्षितपणे’ वर आहे, बोलणं किंवा हातपाय जाणार असतील तर थोडी गाठ ठेवून देतात.

रेडिएशनचा हिशोब आकड्यांत आला १९७८ ला. अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रायलमध्ये (म्हणजे पेशंटवर उपचारांची तुलना करणाऱ्या अभ्यासात) सर्जरीनंतर फक्त सपोर्टिव्ह, म्हणजे त्रास कमी करणारे, उपचार घेणाऱ्यांचं मीडियन आयुष्य १४ आठवडे निघालं आणि रेडिएशन घेणाऱ्यांचं साधारण ३५. मीडियन म्हणजे निम्मे पेशंट त्याच्या आधी जातात आणि निम्मे त्याच्या पुढे जगतात, ती कुणाची तारीख नसते, हे नीट समजून घ्या कारण घरोघरी इथेच गोंधळ होतो. मधल्या काळात सीटी स्कॅन आला (पहिला पेशंट १९७१, लंडन, मेंदूतल्याच गाठीचा संशय होता) आणि मग एमआरआय, त्यामुळे गाठ शोधायचा प्रश्न बराच मिटला आणि पुढे काय करायचं हा उरला.

ग्लायोब्लास्टोमात, म्हणजे ग्लायोमाच्या सगळ्यात वेगाने वाढणाऱ्या प्रकारात, पुढची मोठी पायरी यायला २००५ उजाडलं. ५७३ पेशंटच्या ट्रायलमध्ये रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या दिल्यावर मीडियन १२.१ वरून १४.६ महिन्यांवर गेलं. अडीच महिने ऐकून लोक हिरमुसतात, पण त्याच ट्रायलमध्ये दोन वर्षं जगणारे सुमारे १० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर गेले, म्हणजे काही जणांना खूप फायदा झाला आणि बऱ्याच जणांना फारसा नाही. कुणाला होणार याचा अंदाज काढलेल्या गाठीवर करायच्या एमजीएमटी नावाच्या जीनच्या टेस्टवरून येतो, त्यामुळे हा रिपोर्ट आला नसेल तर तो मागा, केमोची चर्चा त्याच्याशिवाय अर्धवट राहते.

आणि मग उलटी बाजूही दिसायला लागली. वय झालेल्या, आधीच थकलेल्या पेशंटला सहा आठवडे रोज हॉस्पिटलला नेण्यापेक्षा तीन आठवड्यांचा छोटा कोर्स चालतो हे ट्रायलमधून पुढे आलं, आणि २०१७ ला ६५ च्या पुढच्यांत त्या छोट्या कोर्ससोबत टेमोझोलोमाइडने मीडियन ७.६ वरून ९.३ महिने झालं. फुफ्फुस किंवा स्तनातून मेंदूत पसरलेल्या कॅन्सरची गोष्ट वेगळीच आहे, त्यात पूर्वी पूर्ण डोक्याला रेडिएशन हा ठरलेला मार्ग होता. पण एक-दोन-तीन गाठी असतील तर फक्त त्या गाठींवर नेमकं रेडिएशन देऊन स्मरणशक्ती जास्त टिकते आणि आयुष्य कमी होत नाही असं दिसलं. २०१६ च्या एका ट्रायलमध्ये तर फुफ्फुसातून पसरलेल्या, सर्जरी किंवा नेमकं रेडिएशन शक्य नसलेल्या पेशंटमध्ये पूर्ण डोक्याच्या रेडिएशनने नुसत्या स्टिरॉइड आणि सपोर्टिव्ह उपचारांपेक्षा फारसा फायदाच दिसला नाही. म्हणजे ‘काहीतरी करा’ हे नेहमीच बरोबर नसतं, आणि हे कुणाच्या मताने नाही, मोजून ठरलं.

याच काळात पेशंटला सांगायचं की नाही हेही बदललं. १९६१ च्या एका अमेरिकन सर्व्हेत जवळपास ९० टक्के डॉक्टर कॅन्सर झाल्याचं पेशंटला शक्यतो सांगत नव्हते, १९७९ ला तसाच सर्व्हे घेतला तर ९७ टक्के सांगायच्या बाजूने! ज्याला आजारच माहीत नाही तो उपचार काय निवडणार?

आता तर गाठीच्या नावातच जीन्स आलेत. २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात आयडीएचसारख्या जीन्समधले बदल धरतात, त्यामुळे मायक्रोस्कोपखाली सारख्या दिसणाऱ्या दोन गाठींचा पुढचा रस्ता एकदम वेगळा असू शकतो, शेजारच्याला काय दिलं हे आपल्याला लागू होईलच असं नाही. हळू वाढणाऱ्या, आयडीएच बदल असलेल्या ग्लायोमासाठी अमेरिकेत २०२४ ला व्होरासिडेनिब या गोळीला मंजुरी मिळाली. सर्जरीनंतर गाठ वाढायला लागणारा वेळ ट्रायलमध्ये मीडियन ११.१ वरून २७.७ महिन्यांवर गेला, म्हणजे रेडिएशन-केमो पुढे ढकलता येतं. त्यामुळे अशा पेशंटसमोर आता आणखी एक निवड आहे, ही गोळी चालू करायची, की लगेच रेडिएशन घ्यायचं, की नुसतं दर काही महिन्यांनी एमआरआय करत थांबायचं.