तळमजल्यावरची दुकानं व पायी वर्दळ

शहराच्या मध्यवस्तीत इमारतींच्या तळमजल्यावर, थेट फुटपाथवर दार उघडणारे जे गाळे असतात ते, आणि त्यांच्यासमोरून चालत जाणारी, थांबणारी, उभ्या उभ्या बोलणारी माणसं, या दोन्ही गोष्टींचा विचार नगररचनेत एकत्रच केला जातो, कारण एक नसेल तर दुसरी फार दिवस टिकत नाही. मॉल यात धरत नाहीत. मॉलला माणूस आधी ठरवून आणि बहुतेकदा गाडी घेऊन येतो, इथे मात्र तो आधी वाटसरू असतो आणि काहीतरी दिसलं म्हणून गिऱ्हाईक होतो. वाढत्या मध्यवस्तीत, म्हणजे जिथे ऑफिसं, घरं आणि बांधकामं भराभर वाढतायत अशा भागात, हा विषय जास्त नाजूक होतो कारण इमारती दोनतीन वर्षांत उभ्या राहतात पण रस्त्याला वर्दळीची सवय लागायला त्याहून बराच वेळ जातो.

पूर्वपीठिका : वर राहायचं आणि खाली दुकान ही मांडणी फार जुनी आहे. ऑस्टिया या रोमच्या बंदरगावात साधारण इ.स.च्या दुसऱ्या शतकातल्या बहुमजली घरांच्या तळाला रस्त्याकडे तोंड करून ओळीने गाळे सापडलेत. रोममधला ट्रेजनचा बाजार (साधारण इ.स. 110 च्या आसपासचा) पुष्कळदा जगातलं पहिलं बाजारसंकुल म्हणून सांगितला जातो, पण ते नाव आधुनिक काळातलं आहे आणि तिथल्या बऱ्याच खोल्या सरकारी कारभाराच्या असाव्यात असं आता अनेक अभ्यासक मानतात, त्यामुळे दुकानांच्या इतिहासासाठी ऑस्टियाचा पुरावा जास्त भरवशाचा धरावा. पायी चालणाऱ्यांसाठी गाड्या अडवणं हेही तेव्हाचंच. पाँपेईत फोरमच्या चौकात चाकाची गाडी जाऊ नये अशी रचना होती आणि रोममध्ये इ.स.पू. 45 च्या सुमाराच्या कायद्याने दिवसाच्या पहिल्या दहा तासांत बहुतेक मालगाड्यांना शहरात बंदी होती, बांधकामाच्या सामानासारखे काही अपवाद सोडून.

यानंतर आधुनिक काळापर्यंत मोठी उडी मारावी लागते. लंडनमध्ये 1762 च्या वेस्टमिन्स्टर फरसबंदी कायद्यानंतर उंच फुटपाथ नीट पसरले, पॅरिसमध्ये 1781 च्या सुमाराला आजच्या र्‍यू द लोदेओंवर पहिले फुटपाथ झाले असं सांगतात. पॅरिसचे रस्ते तेव्हा चिखलाचे आणि गाड्यांचे, म्हणून काचेच्या छपराखालच्या दुकानगल्ल्या निघाल्या. पासाज दे पानोरामा ही त्यातली सुरुवातीची, 1799 किंवा 1800 ची. लंडनची बर्लिंग्टन आर्केड 1819 ची. इंग्लंडमध्ये 1845 ला काचेवरचा कर उठला, मोठ्या काचा स्वस्त झाल्या आणि दुकानाची दर्शनी बाजू म्हणजे शोकेस हे समीकरण पक्कं झालं. चालता चालता नुसतं बघत जाणं, काही न घेता, हा शहरी छंद मोठ्या प्रमाणावर शक्य झाला तो काच, दिवे आणि कोरडा फुटपाथ या तीन गोष्टी एकत्र आल्यावर.

पहिला पादचारी बाजाररस्ता कोणता : यावर बरंच लिहिलं गेलंय आणि उत्तर व्याख्येवर अवलंबून आहे. लोकप्रिय लिखाणात कोपनहेगनच्या स्ट्रॉयएचं नाव येतं, तो 17 नोव्हेंबर 1962 ला प्रयोग म्हणून गाड्यांना बंद झाला आणि 1964 मध्ये कायमचा. पण रॉटरडॅमची लाइनबान 1953 च्या ऑक्टोबरात सुरू झाली होती. 1940 च्या बॉम्बफेकीत मध्यवस्ती बेचिराख झाली, त्या मोकळ्या जागेवर फान डेन ब्रूक आणि बाकेमा या वास्तुशिल्पींनी ती मुळातच पायी चालणाऱ्यांसाठी आखली. जर्मनीत कासेलची ट्रेपेनष्ट्रासं त्याच वर्षी नोव्हेंबरात, म्हणजे लाइनबाननंतर काही आठवड्यांनी, आणि काही जर्मन लेखक तिला आपल्या देशातला पहिला पादचारी रस्ता म्हणतात. त्याला हरकत अशी की एसेनची लिंबेकर ष्ट्रासं दोन महायुद्धांमधल्या काळातच गाड्यांना बंद केली गेली होती. तिच्या वर्षाबद्दल वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे दिसतात, 1920 च्या दशकाची अखेर हे मानायला हरकत नाही. आणि ब्वेनोस आइरेसची फ्लोरिडा ही त्याच्याही आधीची, तिथे 1913 पासून काही भागात वाहनांना मनाई होती, पूर्ण रस्ता पादचाऱ्यांचा व्हायला मात्र 1971 उजाडलं.

म्हणजे 'रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद' हा निकष लावला तर फ्लोरिडा, 'असलेला रस्ता कायम बंद' लावला तर एसेन, आणि 'नवाच आखलेला' लावला तर लाइनबान. यातला तिसरा निकष सर्वात कमी उपयोगी वाटतो कारण बहुतेक शहरांपुढे प्रश्न असतो तो आहे त्या रस्त्याचा, मोकळ्या मैदानाचा नाही. स्ट्रॉयएचं महत्त्व पहिलेपणात नाहीच, तिथे पुढे कित्येक वर्षं डॅनिश वास्तुशिल्पी यान गेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसं मोजली, किती चालतायत, किती थांबलीयत, किती बसलीयत, आणि इतकी सलग मोजणी फार कमी रस्त्यांची झालीय.

आधी माणसं की आधी दुकानं : या विषयातला खरा सैद्धांतिक वाद हा आहे. एक बाजू म्हणते दुकान माणसांना ओढतं. हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी 1929 मध्ये दाखवलं की एकाच रस्त्यावरचे दोन विक्रेते शेजारीशेजारी येऊन बसण्याकडे झुकतात, विल्यम रायली यांनी 1931 मध्ये बाजारपेठेची ओढ तिच्या आकाराने वाढते आणि अंतराच्या वर्गाने घटते असं सूत्र मांडलं, आणि 1958 मध्ये रिचर्ड नेल्सन यांनी एका जातीची दुकानं एकत्र असली की त्यांची एकत्रित ओढ सुट्या बेरजेपेक्षा जास्त असते हा विचार पुढे आणला. दुसरी बाजू लंडनच्या बिल हिलियर यांची. त्यांचं म्हणणं, माणसं कुठल्या रस्त्याने जास्त जाणार हे बरंचसं रस्त्यांच्या जाळ्यावरूनच ठरतं, कुठला रस्ता किती रस्त्यांना जोडलेला आहे, किती वळणं घेतल्याशिवाय गाठता येतो यावरून, आणि दुकानं ती वर्दळ बघून नंतर येतात, आल्यावर ती आणखी वाढवतात.

मोठ्या नामांकित दुकानांच्या बाबतीत पहिली बाजू बरोबर दिसते कारण लोक मुद्दाम वाकडी वाट करून तिथे जातात. पण रोजच्या छोट्या दुकानांसाठी, औषधं, स्टेशनरी, केस कापणं, चहा, यासाठी दुसरी बाजू जास्त पटते, असं दुकान आडरस्त्यात टाकलं तर कितीही चांगलं असो वाटसरू तिथे पोचतच नाही. वाढत्या मध्यवस्तीत ही गोष्ट हमखास सुटते. आराखड्यात बाजाररस्ता म्हणून जो रंगवलेला असतो तो आणि स्टेशनपासून ऑफिसांकडे माणसं प्रत्यक्षात ज्या रस्त्याने जातात तो, हे दोन वेगळे निघतात, आणि मग रंगवलेल्या रस्त्यावर शटर खालीच राहतात.

मोजमाप : चालण्याची सोय मोजायची सर्वात माहीत पद्धत जॉन फ्रुइन यांची, 1971 ची. दर माणशी किती जागा मिळते त्यावरून फुटपाथला ए ते एफ अशी श्रेणी, ए म्हणजे माणशी सुमारे 3.25 चौ.मी. किंवा जास्त, एफ म्हणजे सुमारे 0.46 चौ.मी. च्या खाली. नंतरच्या अमेरिकन महामार्ग पुस्तिकांत हेच अक्षर वेगळ्या आकड्यांना लावलेलं आहे, तिथे ए साठी साधारण 5.6 चौ.मी. लागतात, त्यामुळे नुसतं 'सी श्रेणी' म्हटलं तर कोणत्या कोष्टकातली हे विचारावं लागतं. पण मोठी अडचण वेगळीच आहे. फ्रुइन यांचं मुख्य काम स्टेशनं, टर्मिनल, जिने अशा ठिकाणच्या गर्दीवरचं, जिथे सगळ्यांना लवकर पलीकडे जायचं असतं. बाजाररस्त्याला ते जसंच्या तसं लावलं की रिकामा रस्ता सर्वात चांगला ठरतो! गेल यांनी कोपनहेगनच्या निरीक्षणावरून दर मीटर रुंदीला मिनिटाला साधारण 10 ते 15 माणसं ही सुखाने चालण्याची वरची मर्यादा धरली, फुटपाथची कमाल क्षमता याच्या कित्येक पट आहे. दुकानदाराला हवी ती गर्दी या दोन टोकांच्या मधली, आणि ती आठवड्यातल्या वारानुसार आणि तासानुसार बदलते म्हणून एका दिवसाची मोजणी करून निष्कर्ष काढू नये.

फुटपाथची रुंदी मोजतानाही नकाशावरची रुंदी घेऊन चालत नाही. भिंतीपासून माणूस अंदाजे अर्धा मीटर लांबूनच चालतो, शोकेससमोर बघे उभे असतात, कडेला झाडं, खांब, सायकली, कचऱ्याचे डबे, आणि मग उरतो तो पट्टा खरा. चार मीटरचा फुटपाथ प्रत्यक्षात दीड मीटरचा निघणं नवलाचं नाही. विल्यम व्हाइट यांनी 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे लावून जे टिपलं त्यात एक निरीक्षण असं की दोन ओळखीची माणसं भेटली की बाजूला न होता वर्दळीच्या अगदी मधोमध किंवा कोपऱ्यावरच उभी राहून बोलतात, म्हणजे अडथळा वाटणारी जागा हीच लोकांची आवडती जागा असते. त्यांच्या कामामुळे तिथल्या मोकळ्या चौकांबद्दलचे नियम 1975 मध्ये बदलले, बसायची जागा किती हवी हे नियमात आलं.

दारं : माझ्या मते या सगळ्या विषयात एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल तर तो शंभर मीटरमागे दारं किती हा. गेल यांच्या वर्गवारीत उत्तम दर्शनी बाजू म्हणजे 100 मीटरमध्ये 15 ते 20 दारं, म्हणजे गाळा पाचसहा मीटरचा. माणूस साधारण ताशी पाच किलोमीटरने चालतो, 100 मीटरला त्याला सव्वा मिनिटाच्या आसपास लागतं, म्हणजे दर चारपाच सेकंदाला काहीतरी नवीन दिसतं. तेच बँकेची किंवा ऑफिसच्या लॉबीची सलग 60 मीटर काळी काच आली की पाऊण मिनिट काहीही नाही, माणूस पाय उचलतो, रस्ता ओलांडून पलीकडे जातो, आणि त्या भिंतीच्या पुढच्या दुकानाला त्याचा फटका बसतो. पार्किंगचं तोंडही असंच, शिवाय तिथे गाड्या फुटपाथ कापून आतबाहेर करतात. काच असून उपयोग नाही, आत दिसलं पाहिजे, पोस्टर चिकटवलेली काच भिंतीसारखीच. दाराशी दोन पायऱ्या असल्या तरी आत शिरणारे कमी होतात आणि व्हीलचेअर किंवा बाबागाडीवाल्यांना तर दारच बंद, म्हणून गाळ्याची फरशी फुटपाथच्या पातळीला ठेवतात. छताची उंची नवीन इमारतींत बहुधा चारसाडेचार मीटर धरतात. खानावळीसाठी धुराचा पाइप गच्चीपर्यंत न्यायची सोय मूळ आराखड्यात नसेल तर ती नंतर जवळपास होतच नाही आणि तो गाळा कायमचा स्वयंपाक न लागणाऱ्या धंद्यांपुरता उरतो.

वाढीच्या काळातल्या अडचणी : शहरांवर लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स यांनी 1961 मध्ये रस्ता जिवंत राहायला चार गोष्टी सांगितल्या, वेगवेगळ्या वेळी माणसं आणणारे वापर, दोन छेदरस्त्यांमधले इमारतींचे आखूड पट्टे म्हणजे वारंवार कोपरे, जुन्या इमारती, आणि पुरेशी दाट वस्ती. त्यातली जुन्या इमारतींची गोष्ट वाढत्या मध्यवस्तीला सर्वात झोंबते. नवीन बांधकामाचा खर्च भाड्यातूनच वसूल होणार, तेवढं भाडं साखळी दुकानं, बँका आणि महाग उपाहारगृहंच देऊ शकतात, चपला शिवणारा किंवा जुनी पुस्तकं विकणारा देऊ शकत नाही, आणि जुनी इमारत पडली की तो जातो. मग एकट्या ऑफिसांची वस्ती असेल तर दुपारी एक तास तुडुंब आणि संध्याकाळी सातनंतर सामसूम.

यावर बऱ्याच शहरांनी तळमजल्यावर दुकानं सक्तीची केली. हेतू चांगला, पण प्रत्येक रस्त्यावर सक्ती केली की गाळे गिऱ्हाइकांपेक्षा जास्त होतात आणि नव्या कोऱ्या इमारतींच्या खाली वर्षानुवर्षं 'भाड्याने देणे आहे' लटकत राहतं. मालकही भाडं उतरवायला नाखूश असतो कारण इमारतीची किंमत आणि कर्ज कागदावरच्या भाड्यावर बेतलेलं असतं. सक्ती मोजक्या, आधीच पायी वाहत्या रस्त्यांवर आणि विशेषतः कोपऱ्यांवर ठेवावी, बाकी ठिकाणी घरांची दारं, वाचनालय, दवाखाना, वर्कशॉप काहीही चालेल पण दार रस्त्यावर उघडावं, हे मत आता बऱ्याच नगररचनाकारांचं आहे आणि ते योग्य वाटतं. बांधकामाच्या पत्र्यांचा प्रश्न वेगळाच, दोन वर्षं फुटपाथ पत्र्याआड गेला की शेजारच्या छोट्या दुकानाला पत्रे निघेपर्यंत तग धरता येत नाही.

नुसत्या गाड्या बंद करून भागत नाही हे अमेरिकेत महागात शिकलं गेलं. उपनगरी मॉलचे एक आद्य आखणीकार व्हिक्टर ग्रुएन (साउथडेल, 1956) यांच्याच आराखड्यावरून 1959 मध्ये कालामाझूचा मुख्य रस्ता पादचाऱ्यांचा झाला आणि पुढच्या दोनतीन दशकांत सुमारे 200 शहरांनी असंच केलं. त्यातले बहुतेक नंतर गाड्यांना परत खुले झाले. शिकागोचा स्टेट स्ट्रीट 1979 ते 1996, फ्रेझ्नोचा फुल्टन 1964 ते 2017, कालामाझूनेही 1998 मध्ये काही भाग खुला केला. कारण सरळ आहे, गिऱ्हाईक उपनगरात राहायला गेलं होतं, मध्यवस्तीत रात्री राहणारं कोणी उरलं नव्हतं, तिथे गाड्या बंद केल्याने चालणारी माणसं कुठून येणार. याउलट ब्राझीलच्या कुरितिबात 1972 मध्ये जाइमे लेर्नर महापौर असताना एका शनिवार-रविवारच्या आसपास मुख्य रस्ता बदलून टाकला, दुकानदारांचा विरोध होता, पण आसपास दाट वस्ती आणि बसची ये-जा असल्याने वर्दळ टिकली.

हवामान वाईट म्हणून माणसं वर किंवा खाली नेण्याचेही प्रयोग आहेत. मिनियापोलिसमध्ये 1962 पासून इमारतींना जोडणारे बंदिस्त पूल, कॅलगरीत 1970 पासून तसेच, माँट्रियल आणि टोरांटोत भुयारी वाटा. हिवाळ्यात सोय मोठी होते यात शंका नाही, पण चालणारी तीच माणसं दोन पातळ्यांवर वाटली जातात आणि खालच्या रस्त्यावरची दुकानं मागे पडतात अशी तक्रार या सगळ्या शहरांत आहे.

फेरीवाले आणि पथारीवाले यांच्याबद्दल मोजणीचं साहित्य त्या मानाने तुटपुंजं. फुटपाथ अडतो ही तक्रार खरी असते, पण बंद भिंतीसमोर पथारी लागली की तिथे माणसं थांबायला लागतात, संध्याकाळी उजेड आणि सोबत मिळते, हेही रस्त्यावर उभं राहून बघणाऱ्याला दिसतं.

व्यवस्थापन : रस्त्यावरच्या दुकानदारांनी आपल्यावरच जादा आकारणी लावून घेऊन झाडलोट, दिवे, बाकं, जाहिरात एकत्र करायची ही पद्धत टोरांटोच्या ब्लोर वेस्ट व्हिलेजमध्ये 1970 साली सुरू झाली. तिथे जवळच भुयारी रेल्वे आणि मॉल आल्याने रस्त्यावरचं गिऱ्हाईक कमी झालं होतं. पुढे ही पद्धत इतर अनेक देशांत गेली. आकारणी बहुधा मालमत्तेच्या मूल्यावर असते आणि भाडेकराराप्रमाणे ती शेवटी भाडेकरू दुकानदाराकडूनच वसूल होते, कारभारात त्याला मत आहे की नाही हे मात्र गावोगावी वेगळं.