प्लूटो आधी की कुत्रा आधी?

डिस्नेच्या कार्टूनमधल्या कुत्र्यावरून प्लूटोचं नाव पडलं, हे अजूनही बरेच जण ठामपणे सांगतात. प्रकार नेमका उलटा आहे. १९३० साली मिकीबरोबर एक कुत्रा पडद्यावर आला खरा, पण त्याला ‘प्लूटो’ हे नाव मिळालं १९३१ मध्ये. तेव्हा ग्रह मानल्या जाणाऱ्या प्लूटोचं नाव १ मे १९३० लाच जाहीर झालं होतं.

नाव सुचवलं ऑक्सफर्डच्या अकरा वर्षांच्या व्हेनेशिया बर्नीने. १४ मार्चला सकाळी नाश्त्याच्या वेळी आजोबांनी नवा ग्रह सापडल्याची बातमी वाचून दाखवली. अंधारात, थंडीत दूर कुठेतरी असलेला ग्रह. मग रोमन पाताळदेवाचंच नाव द्या की, असं तिचं म्हणणं! (आपल्याकडेही काही जण त्याला ‘यम’ म्हणतातच.) आजोबांनी ते एका खगोलशास्त्रज्ञ मित्राच्या कानावर घातलं, त्याने अमेरिकेत लॉवेल वेधशाळेला तार केली. तिथे ते पसंत पडायला आणखी एक कारण होतं: ‘Pluto’ची पहिली दोन अक्षरं, ‘पी’ आणि ‘एल’, ही वेधशाळेचे संस्थापक पर्सिव्हल लॉवेल यांची आद्याक्षरं. नातीला आजोबांकडून पाच पौंडांचं बक्षीस मिळालं.

गंमत म्हणजे, मंगळाच्या फोबोस आणि डीमोस या चंद्रांची नावं सुचवणारे हेन्री मॅडन हे याच आजोबांचे भाऊ.